वर्षभराचं वाचन प्रकारवार कसं नोंदवावं: वही, शीट आणि आधी ठरवायचे नियम

वाचनाचा संकल्प बहुतेक वेळा आकड्याने सुरू होतो. यंदा २४ पुस्तकं, यंदा ५०. डिसेंबरात आकडा गाठलेलाही असतो, पण यादी चाळली की दिसतं, त्यात सोळा कादंबऱ्या, पाच आत्मचरित्रं आणि नाटक एकही नाही. नुसता आकडा समोर ठेवला की हात आपोआप सवयीच्या पुस्तकाकडे जातो. म्हणून वेगवेगळे साहित्यप्रकार वाचायचे असतील तर आधी प्रकारांचे रकाने आखायचे आणि एकूण बेरीज त्यानंतर करायची. बाकी सगळी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे.

आधी स्वतःचा वेग मोजा

एक सकाळ यासाठी राखून ठेवा. एक कादंबरी आणि एक इतिहासाचं किंवा विज्ञानाचं पुस्तक घ्या. दोन्ही वीस-वीस मिनिटं, घड्याळ लावून, पण नेहमीच्याच चालीने वाचा. समजा कादंबरीची १२ पानं झाली आणि इतिहासाची ७.

आता गणित करा. २४ पुस्तकं, सरासरी २२० पानांची, म्हणजे ५,२८० पानं. वर्षाचे दिवस ३६५ न धरता ३०० धरा. उरलेले ६५ दिवस लग्नसराई, प्रवास, दुखणीखुपणी, पाहुणे यांत जातात आणि ते आधीच वजा केलेले बरे. रोजची पानं आली साधारण १८. कादंबरी असेल तर ही १८ पानं अर्ध्या तासात होतील, इतिहासाला पाऊण तासाहून अधिक लागेल. म्हणजे सरासरी रोज चाळीस मिनिटं. एवढा वेळ तुमच्या दिवसात खरोखर मोकळा आहे का, ते प्रामाणिकपणे बघा. नसेल तर २४ चे १५ करा. मग रोजची ११ पानं पुरतात आणि वेळही पंचवीस मिनिटांच्या आसपास येतो. जानेवारीत आकडा कमी करताना वाईट वाटत नाही. ऑगस्टमध्ये तेच करावं लागलं की बरेच जण वहीच बंद करून ठेवतात.

पानांचा आकडा मात्र फसवा असतो. डेमी आकारातल्या (नेहमीच्या मोठ्या) पुस्तकाचं पान आणि खिशात मावणाऱ्या पुस्तकाचं पान यांत बराच फरक पडतो. शंका आली तर मजकुराने भरलेलं एक पान उघडा, दहा ओळींतले शब्द मोजा, त्यांना दहाने भागा आणि पानावरच्या ओळींनी गुणा. ३० ओळी आणि ओळीत १० शब्द असतील तर पानावर ३०० शब्द झाले. छोट्या पुस्तकात २४ ओळी आणि ओळीत ७ शब्द असतील तर १६८. म्हणजे असं २०० पानी छोटं पुस्तक डेमीच्या ११२ पानांएवढं भरतं. प्रत्येक पुस्तकाला हा उद्योग करायची गरज नाही. सरासरी अचानक वर-खाली झाली तर तेवढ्यापुरता करा.

प्रकार, प्रवाह आणि मूळ भाषा: तीन वेगळे रकाने

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ‘कादंबरी, कविता, दलित साहित्य, अनुवाद, स्त्रियांचं लेखन’ अशी एकच यादी केली की तिसऱ्या पुस्तकापाशीच गाडी अडते, कारण या यादीत तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरं एकत्र झाली आहेत. पहिला प्रश्न, पुस्तक कोणत्या रूपात लिहिलं आहे? दुसरा, ते कोणत्या प्रवाहातलं किंवा विषयाचं आहे? तिसरा, ते मुळात कोणत्या भाषेतलं आहे?

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) घ्या. रूपाने ते आत्मकथन आहे, प्रवाहाने दलित साहित्य. एकच रकाना असेल तर त्याला दोनपैकी एक ओळख सोडावी लागते. दोन रकाने असले की दोन्ही नोंदी नीट बसतात आणि वर्षअखेरीला दोन्ही अंगांनी मोजता येतं. बंगालीतून आलेली कादंबरी प्रकाराच्या रकान्यात ‘कादंबरी’च राहते, फक्त मूळ भाषेच्या रकान्यात ‘बंगाली’ पडतं.

तरी काही पुस्तकं ऐकत नाहीत. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ हे त्याचं उत्तम उदाहरण. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या वरसईच्या भिक्षुकाची ही हकिकत १९०७ मध्ये छापून आली. नाव प्रवासाचं, मजकूर आठवणींचा, आणि झाशीच्या वेढ्यामुळे इतिहासाचे अभ्यासकही ते हाताळतात. अशा वेळी नियम एकच ठेवा: प्रकार एकच लिहायचा आणि तो पुस्तक अर्धं होण्याआधी लिहायचा. बाकीची रूपं शेऱ्यात. ही मुदत महत्त्वाची आहे. ती नसेल तर डिसेंबरात ‘प्रवासवर्णन’ हा रकाना रिकामा दिसतो आणि मार्चमध्ये ‘आत्मचरित्र’ म्हणून लिहिलेलं पुस्तक गुपचूप तिकडे सरकवलं जातं. बेरीज जुळते, पण वाचायचं ते प्रवासवर्णन राहतंच.

अगदीच अडलं तर ग्रंथालयाच्या पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी बघा. ड्यूई पद्धत (विषयवार क्रमांक देऊन पुस्तकं लावण्याची पद्धत) वापरणाऱ्या ग्रंथालयांत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ असतो आणि पुढचा अंक रूप सांगतो. १ म्हणजे कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. म्हणजे ८९१.४६३ दिसलं तर ती मराठी कथा किंवा कादंबरी. तुमच्या मनातला वाद तिथल्या तिथे मिटतो.

वाटणी

२४ पुस्तकांची एक चालण्याजोगी वाटणी अशी:

कादंबरी ५
कथासंग्रह ३
चरित्र आणि आत्मचरित्र ३
कविता २
नाटक २
इतिहास २
प्रवासवर्णन १
विज्ञान १
ललित लेख १
संतसाहित्य, बखर किंवा जुनं गद्य १
मोकळे ३

शेवटचे तीन मोकळे खण काढू नका. कुणी आग्रहाने हातात दिलेलं पुस्तक, प्रदर्शनात अचानक भेटलेलं पुस्तक यांना जागा लागते. मोकळे खण नसले तर ही पुस्तकं वाटणी मोडतात. असले तर त्यातच सामावतात. एका प्रकाराला एकूण संख्येच्या चौथ्या हिश्शाहून जास्त देऊ नका आणि ज्या प्रकाराची धास्ती वाटते त्याला एकच खण ठेवा. धास्तीच्या प्रकाराला चार खण दिले तर त्यातला एकही भरत नाही.

महिन्यांची वाटणीही सारखी करायची नाही. दरमहा दोन हे कागदावर छान दिसतं, पण मार्चमध्ये परीक्षा किंवा कचेरीतली वर्षअखेर असते आणि गणपतीच्या दिवसांत वाचन थांबतं. जानेवारी ते मार्च ५, एप्रिल ते जून ८, जुलै ते सप्टेंबर ६, ऑक्टोबर ते डिसेंबर ५ ही वाटणी आपल्याकडच्या वर्षाला अधिक जुळते. मे महिन्याच्या सुट्टीत जाड पुस्तक घ्या. नाटक एका बैठकीत संपतं, ते धावपळीच्या महिन्यासाठी राखा. कविता मात्र एका बैठकीत उरकू नका. रोज दोन-तीन कविता, महिनाभर, दुसऱ्या पुस्तकाच्या जोडीने. कवितेची प्रगती पानांत न मोजता कवितांत मोजायची, कारण अर्धं पान कोरं असतं आणि त्याने रोजची सरासरी उगाच फुगते.

नियम पहिल्या पानावर लिहून ठेवा

वाचन सुरू करण्याआधी, शाईने. नंतर सुचलेले नियम सोयीचे असतात.

दिवाळी अंक. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा मराठी वाचकाच्या वर्षाचा मोठा भाग व्यापते, आणि बहुतेक परदेशी वाचन-ॲपांत तिला जागाच नसते. सरळ मार्ग असा: दिवाळी अंकांचं वेगळं पान करा. अंकातला किमान तीनचतुर्थांश मजकूर वाचला तर अंक वाचला म्हणायचं आणि २४ च्या हिशेबात फार तर एक अंक, तोही मोकळ्या खणात. अंकातली दीर्घकथा कथासंग्रहाच्या रकान्यात टाकायची नाही. ग्रंथालयाची दिवाळी अंक योजना घेतली असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात अंक पटापट बदलतात, म्हणून प्रत्येक अंकातल्या आवडलेल्या दोन-तीन लेखांची नावं त्याच दिवशी लिहा. परत केलेल्या अंकातलं पुन्हा शोधणं कठीण जातं.

भागांची पुस्तकं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाली, आज ती एका बांधणीत मिळतात. मग एक की चार? बांधणी एक, नोंद एक. हाच नियम खंडांनाही: तीन वेगळे बांधलेले खंड असतील तर तीन नोंदी, पण पूर्ण वाचलेल्या खंडाचीच.

पुन्हा वाचलेलं पुस्तक धरायला हरकत नाही, वर्षाला दोनपर्यंत, आणि नोंदीपुढे ‘पु.’ लिहायचं.

ऐकलेलं पुस्तक पूर्ण असेल, संक्षेप नसेल, तर धरा. त्याची पानं लिहू नका, तास-मिनिटं लिहा. दोन्ही एका रकान्यात आले की सरासरीचा काहीच अर्थ उरत नाही.

अर्धवट सोडलेलं. अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा ठोकताळा कामाचा आहे: ५० पानं द्या, आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करून येईल तेवढी. त्यानंतर पुस्तक सोडलं तर ते बेरजेत येत नाही, पण नोंद ठेवायची: कुठल्या पानावर सोडलं आणि का. ‘भाषा जड’, ‘टाइप बारीक’, ‘चुकीच्या वेळी घेतलं’ यांपैकी कोणतं कारण वारंवार येतंय ते सहा महिन्यांत कळतं. टाइप बारीक हे कारण चार वेळा आलं तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

छोटी पुस्तकं. ६० पानांच्या आतली दोन मिळून एक. कविता आणि नाटकाला ही अट नको.

वहीची आखणी

२०० पानी लांब वही पुरते. पहिल्या पानावर नियम, दुसऱ्या-तिसऱ्या जोडपानावर मोठा तक्ता: डावीकडे वरून खाली अकरा प्रकार, वर आडवे बारा महिने, आणि शेवटी ‘ठरले’ व ‘झाले’ असे दोन रकाने. पुस्तक संपलं की त्या प्रकार-महिन्याच्या चौकोनात फक्त नोंदीचा अनुक्रमांक लिहायचा. टिक करू नका. टिकेवरून पुस्तक कोणतं ते कळत नाही, क्रमांकावरून मागच्या नोंदीपर्यंत पोचता येतं. हा तक्ता लांबून बघितला तरी कोणती ओळ आडवी रिकामी चालली आहे ते डोळ्यांत भरतं.

चौथ्या पानापासून नोंदी, एका पुस्तकाला अर्धं पान. नमुना असा:

क्र. ७. माझा प्रवास, विष्णुभट गोडसे
प्रकार: आत्मचरित्र (आठवणी). विषय: १८५७, प्रवास. मूळ भाषा: मराठी
प्रथम प्रकाशन १९०७, हातातली आवृत्ती: __, पृष्ठं: __
कुठून: ग्रंथालय, दाखल क्र. __, परत करायची तारीख __
सुरू ३ एप्रिल, संपलं १४ एप्रिल
तीन ओळी: काय सांगतं, कसं सांगतं, एक जागा (पृष्ठ क्रमांकासह)

या शेवटच्या तीन ओळींसाठी हात आखडू नका आणि त्या वाढवूही नका. ‘खूप आवडलं’ यातून दोन वर्षांनी काहीच आठवत नाही. एखादी जागा पृष्ठ क्रमांकासह लिहिलेली असली की पुस्तक पुन्हा उभं राहतं.

पृष्ठसंख्या लिहिताना शेवटच्या छापील अंकावर थांबा. मराठी पुस्तकांत प्रस्तावनेला बऱ्याचदा वेगळे अंक असतात (‘सोळा + २४०’), तिथे २४० लिहा आणि लांब प्रस्तावना वाचली असेल तर ती शेऱ्यात. जुन्या पुस्तकावर इसवी सनाऐवजी शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८२९ म्हणजे १९०७. पौष ते फाल्गुन यांतलं प्रकाशन असेल तर इसवी सन एकाने पुढे जाऊ शकतो.

पट्टी

रोजची नोंद वहीत करायला गेलं की आठवड्यात कंटाळा येतो, कारण वही दुसऱ्या खोलीत असते. त्यावर उपाय म्हणजे पुस्तकातच राहणारी पट्टी. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची, साधारण ५ सेंटिमीटर रुंद आणि १८ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. डेमी पुस्तकातून ती बाहेर डोकावत नाही, त्यामुळे कडा दुमडत नाहीत. वर पुस्तकाचं नाव आणि परत करायची तारीख. खाली रोज एक ओळ, पेन्सिलीने: तारीख आणि कुठल्या पानापर्यंत आलो. ‘६/४ — ७२’, ‘८/४ — ९६’. मधला दिवस गेला तर तो तसाच दिसू द्या, भरून काढू नका. पाठीमागे आवडलेल्या जागांचे पान क्रमांक.

पुस्तक संपलं की पट्टी नोंदीशेजारी चिकटवा. दहा-बारा पट्ट्या जमल्या की स्वतःचा खरा वेग कळतो, आणि कोणत्या प्रकाराचं पुस्तक कितव्या पानाशी रेंगाळतं तेही. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनेही खुणा करू नका, पट्टी त्यासाठीच आहे.

शीटमध्ये ठेवायचं असेल तर

गूगल शीट पुरेशी आहे. रकाने: क्रमांक, नाव, लेखक, प्रकार, प्रवाह, मूळ भाषा, पृष्ठं, मिनिटं, सुरुवात, शेवट, महिना, स्थिती, शेरा. ‘स्थिती’त तीनच शब्द चालतील: चालू, पूर्ण, सोडलं. दुसऱ्या पानावर प्रकारांची यादी लिहा आणि प्रत्येकापुढे ‘काउंटिफ्स’ (COUNTIFS, अटींत बसणाऱ्या नोंदी मोजणारं) हे सूत्र लावा, दोन अटींचं: प्रकार हा आणि स्थिती ‘पूर्ण’. स्थितीची अट विसरली तर चालू आणि सोडलेली पुस्तकंही मोजली जातात. बेरीज जास्त दिसण्याचं हेच नेहमीचं कारण.

बेरीज कमी दिसत असेल तर दोष जवळजवळ नेहमी टंकनाचा असतो. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा डोळ्याला दिसत नाही, सूत्राला दिसते. मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘कादंबऱ्या’मधला ऱ्य दोन कीबोर्डांवर दोन वेगळ्या संकेतांनी टाइप होऊ शकतो, ‘ॲ’सुद्धा दोन प्रकारे बनतो. पडद्यावर दोन्ही एकसारखे, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. म्हणून ‘प्रकार’, ‘प्रवाह’, ‘मूळ भाषा’ आणि ‘स्थिती’ हे चार रकाने हाताने टाइप करूच नका. डेटा व्हॅलिडेशनमधून निवडयादी लावा आणि त्यातूनच निवडा.

पृष्ठं, मिनिटं आणि तारखा इंग्रजी अंकांत भरा. आकडा चौकोनात डावीकडे चिकटलेला दिसला तर शीटने तो मजकूर समजून घेतलाय आणि तो बेरजेत येणार नाही. महिन्याच्या रकान्यात १ ते १२ एवढाच अंक असावा.

गुडरीड्स किंवा स्टोरीग्राफ ही वाचन नोंदवायची ॲपं वापरत असाल तर तीन गोष्टी लक्षात असू द्या. गुडरीड्सवर पुस्तक ‘वाचलं’मध्ये टाकलं पण संपवल्याची तारीख भरली नाही, तर ते वार्षिक चॅलेंजमध्ये मोजलं जात नाही. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) नसतो आणि एकच नाव देवनागरीत व रोमनमध्ये अशा दोन नोंदींत सापडतं. त्यातली एक निवडा आणि कायम तीच वापरा. आणि दर तीन महिन्यांनी आपली यादी सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाइल म्हणून डाउनलोड करून घ्या. ती फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसू शकतात. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. तीच फाइल गूगल शीटमध्ये आयात केली की नीट दिसते. या ॲपांचे प्रकार त्यांचे त्यांचे असतात, ‘ललित’ किंवा ‘बखर’ तिथे शोधत बसण्यात हशील नाही. प्रकारवार हिशेब आपल्या वहीत किंवा शीटमध्येच ठेवा.

महिन्याचा ताळा

शेवटच्या रविवारी वीस मिनिटं. पट्ट्यांवरून नोंदी पुऱ्या करा, मोठ्या तक्त्यात क्रमांक भरा, मग फक्त दोन गोष्टी बघा. एक, तिमाहीचं ठरलेलं आणि झालेलं यांत फरक किती. दोन, कोणत्या प्रकाराला हात लागून तीन महिने झाले. पुढचं पुस्तक दुसऱ्या उत्तरावरून निवडा. ग्रंथालयात जाताना ते नाव, आणि त्याच प्रकारातली आणखी दोन नावं चिठ्ठीवर न्या. हवं ते पुस्तक बाहेर गेलेलं असतं आणि पर्याय हाताशी नसला की माणूस ओळखीची कादंबरी घेऊन परत येतो.

दोन पुस्तकं मागे असाल तर काहीच बदलू नका. चार किंवा जास्त मागे असाल तर प्रकार कमी करू नका, एकाच प्रकारातली संख्या कमी करा: कादंबऱ्या ५ च्या ३, कथासंग्रह ३ चे २, मोकळे ३ चे १. एवढ्याने पाच पुस्तकं वजा होतात आणि अकराही ओळी जिवंत राहतात. बदल केला की जुना आकडा खोडरबराने पुसू नका, त्यावर रेघ मारून शेजारी नवा लिहा आणि तारीख टाका.

३१ डिसेंबरला जे पुस्तक अर्धं असेल ते त्या वर्षात धरायचं नाही. ते ज्या वर्षी संपेल त्या वर्षाच्या तक्त्यात जाईल. जुन्या वहीत त्याच्या नोंदीपुढे ‘पुढे चालू’ आणि पान क्रमांक लिहा, आणि पट्टी पुस्तकात आहे तिथेच राहू द्या.